कोकणातलं दीपगृह धुक्यात टिपायचंय? आधी तिथी बघा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकरोडला राहणारे एक हौशी छायाचित्रकार दिवाळीनंतर कोकणात जाणार आहेत. परदेशी फोटोंत असतं तसं धुक्यात उभं असलेलं दीपगृह त्यांना काढायचंय. कुठे जावं, किती वाजता पोहोचावं, सेटिंग काय ठेवावं, आणि क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४-१०५ मिलिमीटरची लेन्स आहे तर लांबचं जवळ आणणारी १००-४०० भाड्याने घ्यावी का?

सेटिंगचं सांगतो, पण नंतर. सेटिंग चुकलं तर जागेवर दुरुस्त करता येतं. जागा आणि दिवस चुकला तर कसारा उतरून रात्रभर गाडी मारलेली फुकट जाते.

तुम्ही पाहिलेले फोटो बहुतेक अशा किनाऱ्यांचे असतात जिथे समुद्राचं पाणी थंड आहे. कॅलिफोर्निया घ्या किंवा कॅनडाच्या पूर्वेचं न्यूफाउंडलंड घ्या. तिथे उबदार, दमट हवा थंड पाण्यावरून सरकते, खालून गार होते आणि धुकं समुद्रावरच तयार होऊन किनाऱ्यावर चढतं. आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्राचं पाणी किनाऱ्यालगत २८ अंशांच्या आसपास असतं. पहाटे ते जमिनीपेक्षा उबदार असतं. त्यामुळे समुद्रावरून चालून येणाऱ्या धुक्याच्या भिंतीची वाट बघत किनाऱ्यावर बसू नका, ती येणार नाही. कोकणात सकाळी समोर जो पांढुरका पडदा दिसतो तो बऱ्याचदा धुकं नसून धुरकट हवा असते. ओळखायची सोपी खूण म्हणजे रंग. धुरकट हवेतले कण बारीक असतात, त्यामुळे दूरचे डोंगर निळसर दिसतात. धुक्याचे थेंब त्यांच्या कितीतरी पट मोठे, ते सगळे रंग सारखेच उधळतात, म्हणून धुकं पांढरं किंवा राखाडी दिसतं. धुरकट हवेतलं दीपगृह फोटोत नुसतं मळकट येतं, गूढबिढ काही वाटत नाही.

मग कोकणात खरं धुकं कुठे मिळतं? खाडीत. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, तेच इथे कामाला येतात. पाऊस परतला, आकाश निवळलं की रात्री जमीन भराभर निवते. गार झालेली जड हवा डोंगरउतारांवरून खाली येऊन नदीच्या खोऱ्यात साठते. खालचं पाणी अजून कोमट असतं, त्याची वाफ या गार हवेत मिसळली की पाण्यावर धुकं धरतं. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, तो हे धुकं हळूहळू खाडीच्या मुखाकडे ढकलतो. म्हणून खाडीच्या तोंडावर असलेलं दीपगृह निवडायचं. कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई, वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेलचं टाळकेश्वर, शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे जयगड. खंदेरीचं दीपगृह दिसायला देखणं आहे, पण ते बेटावर आहे. चहूबाजूंनी उबदार पाणी आणि वर बोटीची भानगड, या कामासाठी ते सोडून द्या.

इथे उंचीचाही हिशोब आहे. खाडीतलं धुकं उथळ असतं, टेकडीच्या माथ्यापर्यंत पोहोचतंच असं नाही. टाळकेश्वरचं दीपगृह उंचावर आहे. तिथे मनोरा धुक्यात बुडण्याऐवजी धुक्यावर तरंगल्यासारखा सापडण्याची शक्यता जास्त. तो फोटो वेगळा आणि मला विचाराल तर जास्त चांगला, पण त्यासाठी तुम्हाला शेजारच्या उंच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उभं राहावं लागेल, मनोऱ्याच्या पायथ्याशी नाही. तुम्हाला हवा तसा धूसर मनोरा खालच्या दीपगृहांवर मिळेल. मी कोर्लईपासून सुरुवात करीन. फक्त रेवदंड्याच्या बाजूने खाडीपलीकडून काढायच्या भानगडीत पडू नका. स्वच्छ दिवशी तिथून कोर्लईची टेकडी छान दिसते, पण मधलं पाणी इतकं रुंद आहे की दाट धुक्यात फ्रेममध्ये काहीच उरत नाही.

आता तिथी. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य जमिनीकडून उगवतो. धुक्याला जीव येतो तो मागून उजेड आला की. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर धुकं पांढऱ्या भिंतीसारखं सपाट दिसतं. मागून उजेड घ्यायचा म्हणजे मनोरा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये हवा, म्हणजे तुम्ही मनोऱ्याच्या पश्चिमेला हवेत, म्हणजे खडकांवर, म्हणजे ओहोटी हवी.

ओहोटीची वेळ काढायला ॲप लागत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा, तो तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगेल. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीच्या पहाटे पोहोचलात तर ज्या खडकावर उभं राहायचं तो पाण्याखाली असेल. अमावास्या-पौर्णिमेला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास येते, म्हणजे तिच्या सहा तास आधी, पहाटे साडेपाच-सहाला, पाणी पूर्ण उतरलेलं. शिवाय ती उधाणाची ओहोटी, त्यामुळे एरवी न दिसणारे खडकही उघडे पडतात. रत्नागिरीकडे हे सगळं मुंबईपेक्षा थोडं आधी होतं. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघाच, पण सहलीचे दिवस ठरवायला कालनिर्णय पुरतं.

लक्ष्मीपूजनाची अमावास्या ओहोटीच्या दृष्टीने उत्तम, पण तेव्हा घरचे तुम्हाला सोडणार नाहीत आणि कोकणात तोवर रात्रीही पुरेशा निवलेल्या नसतात. मी त्रिपुरी पौर्णिमा धरीन. थंडीची सुरुवात झालेली असते, पहाटे पाणी उतरलेलं असतं आणि एक जादा फायदा मिळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्योदयाच्या सुमारास पश्चिमेला, समुद्रावर मावळत असतो. म्हणजे धुकं धरलंच नाही तर किनाऱ्याकडून समुद्राकडे तोंड करून दीपगृह आणि मावळता चंद्र अशी फ्रेम हातात राहते. पौर्णिमा आणि तिच्या पुढची प्रतिपदा, दोन्ही सकाळी राखून ठेवा.

खडकांवरचा धोका एका वाक्यात सांगून पुढे जाता येणार नाही. काळ्या कातळावर हिरवं शेवाळ असतं, त्यावर चांगल्या ट्रेकिंगच्या बुटाचाही टिकाव लागत नाही. जिथे कालवं चिकटलेली आहेत, खडबडीत आहे, तिथेच पाय टाका. उधाणाच्या दिवशी पाणी जितकं खाली जातं तितकंच जोरात परत येतं, आणि धुक्यात ते येताना दिसत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन परतीची वाट बघून ठेवा. आठ-साडेआठनंतर खडकांवर थांबू नका, कितीही उजेड पडलेला असो. एकट्याने जाऊ नका.

दीपगृहावर चढून वरून फोटो काढायचा विचार असेल तर तो सकाळी जमणार नाही. आत सोडतात तिथेही वेळ बहुधा संध्याकाळची असते. तिकीट नाममात्र असतं. आदल्या संध्याकाळी जा, वर चढा आणि खालच्या खडकांचा नकाशा डोक्यात बसवा. तिथल्या कर्मचाऱ्यांशी दोन शब्द बोला. रात्रभर जागणारी माणसं आहेत ती, आज पहाटे खाडीवर धुकं होतं का हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही. ड्रोन घरी ठेवा. नियमाने ड्रोन सतत नजरेच्या टप्प्यात हवा, आणि धुक्यात तो कसा राहणार?

धुक्याचा अंदाज कसा बांधायचा हे मी आपल्याकडच्या द्राक्षबागांत शिकलो. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला धुकं म्हणजे डोकेदुखी. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असते, पानं पहाटे तासन्‌तास ओली राहिली की डाऊनी या बुरशीच्या रोगाचा धोका, मग पंप काढा आणि फवारा. त्यामुळे उद्या धुई पडणार का, याचा विचार तो आदल्या संध्याकाळीच करतो. तो बघतो त्याच गोष्टी तुम्हाला बघायच्यात: आकाश निरभ्र आहे का, वारा पडलाय का, आणि तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात) किती जवळ आलंय. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये दवबिंदू दिलेला असतो. पहाटेचं अंदाजित तापमान आणि दवबिंदू यांत एक-दोन अंशांचाच फरक असेल आणि वारा ताशी पाच किलोमीटरच्या आत असेल, तर अलार्म लावा. ढग असतील तर झोपा. वाऱ्यासाठी बागेतली खूण तर फारच उपयोगी. मांडवाच्या तारेवर दवाचे थेंब ओळीने, सारख्या अंतरावर लटकलेले असतील तर हवा स्थिर आहे, धुकं टिकेल. तारेचा एखादा भाग कोरडा आणि थेंब एका बाजूला गोळा झालेले दिसले तर वारा सुटलाय, अर्ध्या तासात सगळं मोकळं होणार. किनाऱ्यावर तार नसेल तर होडीचा दोर बघा.

कोकणात जायच्या आधी इथेच सराव करा, त्यासाठी आपला जिल्हा कोकणापेक्षा बरा. चांदोरी-सायखेड्याच्या पुलावर गोदावरीचं धुकं मिळतं. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवेचं पाणी अडलेलं आहे, तिथे तर जास्तच. पक्ष्यांच्या नादाने तिकडे पहाटे जाणारे पुष्कळ भेटतील. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून गर्दी वाढलीय. तुम्हाला तिथे पक्षी टिपायचे नाहीत. नदीकाठच्या गावाची पाण्याची टाकी आणि लाल दिव्याचा मोबाईल टॉवर, हेच तुमचं दीपगृह. उंच, उभा, पांढरट आकार आणि वर लुकलुकणारा दिवा, सरावाला आणखी काय पाहिजे? शहराबाहेर जायचा कंटाळा असेल तर होळकर पुलाखालच्या घाटावरून पुलावरचे दिवे काढून बघा.

या सरावात एकच गोष्ट शिकायची: अंतर. धुक्यातला फोटो जमतो की फसतो ते यावर ठरतं, आणि बहुतेक जण इथेच मार खातात. दृश्यता म्हणजे ज्याच्या पलीकडे काहीच ओळखू येत नाही ते अंतर. वस्तू या अंतराच्या निम्म्यावर असेल तर तिचा काँट्रास्ट जेमतेम पाव हिस्सा उरतो. पाव अंतरावर असेल तर जवळपास निम्मा उरतो. डोळा आणि मेंदू मिळून पाव हिस्स्यातही मनोरा शोधून काढतात, म्हणून तिथे उभं राहून ‘काय सुंदर दिसतंय’ वाटतं, आणि घरी येऊन बघावं तर फोटोत एक पुसट रेघ. म्हणून दृश्यतेच्या पाव अंतरात जा. चारशे मीटर दिसत असेल तर मनोरा शंभर मीटरवर हवा.

दृश्यता मोजायची कशी? पुलावर दिव्यांचे खांब मोजा. दोन खांबांमधलं अंतर आधी पावलांनी मोजून ठेवा, साधारण पंचवीस-तीस मीटर निघतं. किती खांब दिसतात ते बघून गुणाकार करा. खांब मोजा, दिवे नाही. दिवा धुक्यात खांबापेक्षा बराच लांबून दिसतो. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांवरून हाच अंदाज बांधता येतो.

रंगाचाही विचार करा. पांढराशुभ्र मनोरा पांढऱ्या धुक्यात विरघळतो, विशेषतः उजेड समोरून पडत असेल तेव्हा. पट्ट्यांचा मनोरा असेल तर प्रश्न कमी, दिवसा जहाजांना ओळखू यावं म्हणूनच तर ते पट्टे रंगवतात. निव्वळ पांढरा असेल तर मागून उजेड घेणं हाच उपाय, मग तो धुक्यापेक्षा गडद दिसतो. सूर्य नेमका मनोऱ्याच्या माथ्याआड दडवलात तर मनोऱ्याची सावली धुक्यातून तुमच्याकडे झेपावताना दिसते. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकलात तरी ती नाहीशी होते. ही संधी काही मिनिटांचीच असते, त्यामुळे ट्रायपॉड सोडून हातात कॅमेरा घ्या.

आता दिवा. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तो पेटलेला असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर कोकणात सूर्योदय पावणेसातच्या आसपास. दिवा आणि आकाशाची निळाई दोन्ही फोटोत हवी असेल तर सव्वासहा ते साडेसहा ही तुमची वेळ. साडेपाचला ट्रायपॉड उभा हवा. बरेच जण सूर्य उगवला की आता धुकं उडालं म्हणून आवरायला घेतात. तसं करू नका. सूर्योदयानंतर हवा किंचित हलायला लागते आणि थोडा वेळ धुकं उलट दाट होतं.

फिरत्या दिव्याचा झोत धुक्यात स्पष्ट दिसतो, पण शटर लांब ठेवलं की तो पुसला जातो. हिशोब सोपा आहे. भिंग दहा सेकंदांत एक फेरी मारत असेल तर एका सेकंदात झोत ३६ अंश सरकतो. म्हणजे एक सेकंदाचं शटर ठेवलं तर झोत न दिसता पंखा दिसेल. पाव सेकंदात तो नऊ अंश सरकतो, तेवढं चालतं. आधी घड्याळ लावून फेरी मोजा, मग शटर ठरवा. पाव सेकंदासाठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० वर न्यावा लागला तरी हरकत नाही. झोत थेट कॅमेऱ्याकडे आला की सगळी फ्रेम धुऊन निघते. तो तुमच्यापासून काटकोनात असताना क्लिक करा. काही ठिकाणचा दिवा फिरत नाही, जागच्या जागी चमकतो. तिथे झोताचा हट्ट सोडा आणि दिव्याभोवतीचं तेजोवलय टिपा.

राहिलेली सेटिंग भराभर सांगतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं समजून चालतं, म्हणून धुकं मळकं येतं. एक्स्पोजर पाऊण ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-गडद भागांचा आलेख, उजवीकडे सरकलेला पण भिंतीला न टेकलेला ठेवा. पेटलेल्या दिव्याचा ठिपका जळाला तर जळू द्या. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर बांधून टाका, ऑटोवर ठेवलात तर पहाटेची निळाई कॅमेरा परस्पर पुसून टाकतो. ऑटोफोकस धुक्यात चाचपडतो. वरच्या सज्जाच्या कठड्यावर किंवा थेट दिव्यावर, स्क्रीन मोठी करून, हाताने फोकस लावा आणि रिंगला चिकटपट्टी मारा. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, धुक्यात त्याचा काही फायदा नाही आणि दीड-दोन स्टॉप उजेड खातो. मोबाईलवर काढणार असाल तर नाईट मोड बंद करा, तो अनेक फ्रेम एकत्र करतो आणि झोताचा चुथडा होतो.

एडिटिंगमध्ये धुरकटपणा घालवणारा डिहेजचा स्लायडर दिसला की हात शिवशिवतो. इतक्या लांब जाऊन मिळवलेलं धुकं घरी बसून कशाला पुसायचं? कर्व्हने फक्त मनोरा थोडा गडद करा, सगळ्यात काळा भाग पूर्ण काळा करू नका. फाइल १६ बिटमध्ये ठेवा, नाहीतर धुक्याच्या मऊ छटांमध्ये पट्टे उमटतात.

कॅमेऱ्याची काळजी. गाडीतल्या एसीतून कॅमेरा एकदम कोकणच्या दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं आणि नेमकी ती पंधरा-वीस मिनिटं जातात. शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवा, बॅग बंदच ठेवा. पुसायला जुनं मऊ सुती धोतर फाडून चार तुकडे करा, मायक्रोफायबर ओलं झालं की नुसतं फासत बसतं. परत आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून धुवा, खारं पाणी आत राहिलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत कड्या जाम होतात.

१००-४०० घेऊ नका. लांबून काढलात की तुमच्या आणि मनोऱ्याच्या मधलं सगळं धुकं फ्रेममध्ये येतं, आणि वर हिशोब सांगितलाच. २४-१०५ क्रॉप सेन्सरवर पुरून उरते, माझे असे बहुतेक फोटो पन्नास ते नव्वदच्या मध्येच असतात. भाड्याचे पैसे वाचतील त्यातून दुसरी रात्र मुक्काम वाढवा, म्हणजे पौर्णिमेची सकाळ हुकली तरी प्रतिपदेची हातात राहील.